डब्यातली सोळा अक्षरं

पावसाची झड लागली, की आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरात कपाटावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली उतरतो. आत सोळा लाकडी ठोकळे, सुताराकडून कापून आणलेले आणि प्रत्येक बाजूला ऑइल पेंटनं एकेक अक्षर काढलेले. डबा खडखडवायचा, ठोकळे चार बाय चारच्या चौकटीत बसवायचे आणि तीन मिनिटांत लागून असलेल्या अक्षरांतून सापडतील तेवढे शब्द कागदावर उतरवायचे. आडवं, उभं, तिरकं कसंही जा. फक्त एका शब्दात एक ठोकळा एकदाच.

खेळ मूळचा अमेरिकेतला, नाव बॉगल. ॲलन टुरॉफ यांनी तो रचला आणि पार्कर ब्रदर्स कंपनीनं १९७२ मध्ये विकायला काढला. त्याच्या आधीची पायरी म्हणजे स्क्रॅबल, अक्षरांच्या सोंगट्या आळीपाळीनं पटावर लावून शब्द बनवायचा खेळ, आणि त्याची कथा जास्त रंजक आहे. न्यूयॉर्कच्या आल्फ्रेड बट्स या आर्किटेक्टचं काम मंदीत गेलं. रिकाम्या वेळात हा गृहस्थ वर्तमानपत्रातली अक्षरं मोजत बसला. कुठलं अक्षर किती वेळा येतं त्यावर त्यानं सोंगट्यांची संख्या ठरवली: ई बारा, क्यू आणि झेड एकेक. एस मात्र मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर जो तो अनेकवचनं करून गुण लाटणार. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो यांनी त्या खेळाला स्क्रॅबल हे नाव दिलं. पण स्क्रॅबलमध्ये समोरच्याची चाल होईपर्यंत चहा करून येता येतो. बॉगलनं पटही काढून टाकला आणि पाळीही. सगळे एकदम, वाळूच्या घड्याळावर.

बॉगलमधला खरा डाव गुणांच्या नियमात आहे. तीन-चार अक्षरी शब्दाला एक गुण, आठ किंवा त्याहून जास्त अक्षरांच्या शब्दाला अकरा. पण तोच शब्द दोघांनी लिहिला असेल तर दोघांचाही बाद. आमच्या आज्जीला हे समजावून सांगावंच लागलं नाही. "नाव-गाव-फळ-फूलच की हे!" म्हणाली. तिथंही एकट्यानं लिहिलं तर दहा, दोघांचं जुळलं तर पाच. कोल्हापुरात बसून 'क'चं गाव कोल्हापूर लिहिणाऱ्याला पाचच मिळणार.

शब्दांचा खेळ मराठी घरात तसा नवा नव्हताच. भेंड्या होत्या, उखाणे होते. अक्षरांशी झोंबी घेण्यात तर आपल्या शेजारच्या पन्हाळ्यावर १७२९ मध्ये जन्मलेले मोरोपंत सगळ्यांचे बाप. त्यांनी निरोष्ठ रामायण लिहिलं, म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरं पूर्ण टाळून. 'म' गेला म्हणजे रामायणात 'राम' म्हणायचीसुद्धा सोय राहिली नाही! शब्दकोडं मात्र बाहेरून आलं. आर्थर विन यांचं पहिलं कोडं २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्क वर्ल्डमध्ये छापून आलं. ते आपल्याकडे आलं, आणि मग प्रवेश फी घेऊन मोठमोठी बक्षिसं लावणाऱ्या कोड्यांचा धंदा इतका फोफावला, की १९५५ मध्ये केंद्राला बक्षीस स्पर्धांचा कायदा करावा लागला. महिन्याला एकूण हजार रुपयांच्या वर बक्षीस नाही, अशी मर्यादा आली. जुन्या माणसांच्या तोंडी 'कोड्याचा नाद' हा शब्द मटक्याच्या सुरात का यायचा, ते यावरून कळतं.

बॉगल मराठीत आणताना अडतं ते अक्षरापाशी. इंग्रजीत एक खूण म्हणजे एक अक्षर. तरी त्यांनाही क्यू आणि यू एकाच बाजूवर छापावे लागले. आपल्याकडे 'कि' आणि 'कू' वेगवेगळे धरले तर बाराखडीनंच चारशेच्या वर बाजू होतात. जोडाक्षरं वेगळीच. सोळा ठोकळ्यांच्या बाजू शहाण्णव. म्हणून आम्ही 'क' म्हणजे 'क'ची सगळी बाराखडी असं ठरवलं. स्वरांना दोन ठोकळे दिले, ङ आणि ञ यांना रजा दिली, ळ ठेवला. ळ नसेल तर खुळा, पोळा, रंकाळा सगळंच गेलं. मग बट्ससारखंच रोजच्या पेपरचं एक पान पुढ्यात घेतलं आणि पेन्सिलीनं रेघा ओढत मोजायला बसलो. र, त, न, ल, क पुढं निघाले, त्यांना बाजू जास्त दिल्या. एक रविवार त्यातच गेला.

भांडण पहिल्याच डावात झालं, ते 'रस्सा'वरून. त्याला स एक लागतो की दोन? बऱ्याच हुज्जतीनंतर दोन ठरले. त्यामुळे पटावर एकच स आला, की तांबडाही नाही आणि पांढराही नाही.

शब्द खरा की खोटा, हे ठरवायला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. १९३२ ते १९३८ या काळात निघालेले सात खंड, प्रांतोप्रांतीचे शब्द टिपलेले. ते घरात कुठे असणार? करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून गावात आहे, पण डाव अर्धा सोडून रात्री नऊला तिकडे कोण जाणार?

मागच्या गणपतीत पटावर च, र, म आणि पुन्हा र असे लागून आले. आत्यानं लिहिलं 'चिरमुरे'. पुण्याहून आलेल्या वहिनींनी लिहिलं 'चुरमुरे'. ठोकळे तेच चार, वाटही तीच. आत्या म्हणाली, "शब्द दोन हायत, दोघींनाबी गुण द्या." वहिनी म्हणाल्या, "अहो आत्या, एकच पदार्थ आहे ना? मग दोन्ही बाद." वाळू केव्हाच संपली होती. भडंगाचं ताट मधे ठेवलं होतं, तेही संपत आलं, आणि वहीत त्या डावापुढची जागा अजून कोरी आहे.