मुंबईतील मराठी स्त्रियांचा पेहराव (१९२०–२०२०)

या शंभर वर्षांत मुंबईतील मराठी स्त्रिया नऊवारी लुगड्यावरून सहावारी साडीवर आणि तिथून पंजाबी ड्रेस, कुर्ती, जीन्सवर आल्या. मात्र हा बदल सगळीकडे एकदम झाला नाही. गिरगाव-दादरच्या शिकलेल्या घरांत गोल साडी, म्हणजे काष्टा न घालता नेसलेली सहावारी, रुळली, तेव्हा गिरणगावात आणि कोळीवाड्यांत काष्टाच होता. कोळणी लुगडे गुडघ्यापर्यंत घट्ट नेसतात, कारण त्यांचे काम पाण्याचे. मासळीबाजारात वयस्कर बायका आजही तशाच दिसतात.

नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर. लुगड्याचे एक टोक आखूड ठेवून कमरेला गाठ मारायची, लांब बाजू पाठीमागून घेऊन पदर डाव्या खांद्यावर टाकायचा, मधल्या कापडाच्या निऱ्या करून पुढे खोचायच्या आणि त्यांची मधली किनार दोन पायांमधून मागे नेऊन काष्टा घालायचा. परकर लागत नाही. सगळी मदार पहिल्या गाठीवर. ती सैल राहिली की निऱ्या खाली ओढल्या जातात आणि पाठोपाठ काष्टा सुटतो. सुती लुगडे अंगाला धरून राहते, रेशमी घसरते. वर खणाची, पुढे गाठ मारायची चोळी. तिची जागा पुढे हुकांच्या पोलक्याने घेतली. पोलक्याच्या बाह्या मात्र दर दशकात बदलल्या: कधी फुग्यांच्या, कधी कोपरापर्यंत, आणि नायलॉनच्या दिवसांत स्लीव्हलेस.

३१ जुलै १९२१ रोजी परळच्या एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात विदेशी कापडाची होळी झाली आणि खादी घराघरांत शिरली. जाड हातसुताचे नऊ वार ओले झाल्यावर पिळणे हे मनगटाचे काम होते. गोल साडीला कापड कमी लागे. दुसऱ्या महायुद्धात कापडावर नियंत्रण आले, तेव्हा ही बाबही लहान नव्हती. सनातनी घरांत गोल साडी विकच्छ, म्हणजे बिनकाष्ट्याची, म्हणून नापसंत होती आणि सोवळ्यात बराच काळ नऊवारीच चाले.

सहावारीने कापड वाचवले, पण सोबतीला बरेच काही मागितले. आजची साडी साधारण साडेपाच मीटर, शिवाय ८० सेंटिमीटर ब्लाउजपीस. काष्ट्याचे काम आता परकराच्या नाडीवर आले. किनार पायात घासून फाटू नये म्हणून आतून शिवायची कापडी पट्टी, म्हणजे फॉल आला. सुती फॉल आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावावा. तसाच शिवला तर पहिल्या धुण्यात फॉल आटतो, साडी आटत नाही आणि निऱ्यांच्या तळाशी चुण्या पडतात. पिको-फॉलवाल्याकडे साडी देताना हे बजावून सांगावेच लागते.

१९६०-७०च्या दशकांत नायलॉन आले. खळ नको, इस्त्री नको, पावसाळ्यातही चाळीच्या गॅलरीत रातोरात वाळे. पण घाम शोषत नसे आणि स्टोव्हजवळ धोक्याचे: पेटल्यावर वितळून कातडीला चिकटे. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर मुंबईच्या बऱ्याच गिरण्या बंद पडत गेल्या. रोजच्या वापराची लुगडी पुढे इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांवरून येत राहिली.

पंजाबी ड्रेस आधी कॉलेजात आणि मग कचेरीत रुळला. लोकलच्या गर्दीत चढता-उतरताना निऱ्या सांभाळाव्या लागत नाहीत, हे कारण कोणत्याही फॅशनपेक्षा वजनदार ठरले. ड्रेसपीसमध्ये साधारण अडीच मीटर कमीजला, तितकेच सलवारीला आणि सव्वादोन मीटर ओढणी. लेगिंग आल्यावर सलवारीचे कापड वाचले आणि शिंप्याकडची फेरीही.

नऊवारी आता सणाला परतली आहे, पण शिवलेली. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत दिसणाऱ्या बऱ्याच नऊवारी पायजम्यासारख्या पायांत चढवायच्या असतात. माप देताना कंबर आणि उंचीइतकेच आसनाचे, म्हणजे कमरेपासून दोन पायांमधून मागे जाणारे माप महत्त्वाचे. ते आखूड झाले तर मांडी घालताना काष्ट्याची शिवण उसवते. सहावारीतून शिवली तर निऱ्या कमी पडतात. कापून शिवलेली साडी पुन्हा गोल नेसता येत नाही, त्यामुळे पैठणी द्यायची तर न कापता शिवणारा कारागीर शोधावा.