शिपाई-शिपाई खेळ आणि 'कवायत' या शब्दाचा गुंता

गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीकडच्या मुलांना शिपायाचा खेळ शाळेत शिकावा लागला नाही. शिगम्यात कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात नागवी तलवार घेऊन घोडेमोडणीवाले ढोल-ताशाच्या ठेक्यावर पावले टाकतात. दुसऱ्या दिवशी अंगणात तेच सुरू. माडाच्या झावळीचा दांडा घोडाही होतो आणि बंदूकही. पोर्तुगीजांविरुद्धचे १८५२ चे बंड नाणूस किल्ल्यापासून पेटले, १८९५ चे मोझांबिकला जायला नकार देणाऱ्या शिपायांनी पेटवले. त्या आठवणी मुलांपर्यंत आधी अशा खेळातून पोहोचल्या, पुस्तक त्यानंतर आले.

गोवा मुक्तीनंतर चित्र बदलले. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य आले आणि अंगणातला शिपाई एकदम 'मिलिटरीवाला' झाला. १९६३ नंतर गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या आणि खेळ पटांगणात आला, पण कवायत म्हणून. घोटाळा इथून सुरू होतो.

'कवायत' मूळचा अरबी, अर्थ 'नियम'. उर्दूत याच शब्दाने व्याकरण ओळखले जाते. म्हणजे रांग आणि वाक्य, दोन्हींची शिस्त एकाच शब्दात. मराठीत मात्र त्याला हुकूम तेवढा चिकटला. त्यातही गोव्यात हुकुमाची भाषा बदलत गेली: पोर्तुगीज सैन्यात 'सेंतिदु', पुढे 'सावधान', 'पीछे मुड'. शाळेने कवायत आणि शिपायाचा खेळ एकच धरले, हे माझ्या मते चुकले. कवायतीत हुकूम बाहेरून येतो. खेळात तो मुलेच ठरवतात, त्यावर भांडतात, मोडतात आणि पुन्हा नवा करतात. चीन युद्धानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयांत सैनिकी प्रशिक्षण सक्तीचे झाले, १९६८ मध्ये ऐच्छिक. त्या काळात शाळकरी खेळाकडेही 'भावी जवान' याच नजरेने पाहिले गेले. मुलाच्या डोक्यात काय चालले आहे, हे कोणी विचारले नाही.

ते विचारले गेले होते, पण दूर. १९४८ साली एका सोव्हिएत मानसशास्त्रज्ञाने मुलांना नुसते स्थिर उभे राहायला सांगितले आणि पुढे पहारेकरी बनून उभे राहायला सांगितले. पहारेकरी झालेली मुले कितीतरी जास्त वेळ हलली नाहीत. ओरडून जे साधत नाही ते भूमिकेने साधले.

मैदानात उभे राहून पाहिले की शाळेचे विषय या खेळात आपोआप सापडतात. तेवीस मुले, तीन रांगा. सातचे तीन गट झाले, दोघे उरले. त्या दोघांना कुठे उभे करायचे यावर चाललेला वाद म्हणजे भागाकाराची बाकी, फळ्यावर येण्याआधी. परवलीचा शब्द ठरवताना मुले एकमेकांना शब्दांचे अर्थ विचारतात, शत्रूला ओळखता येणार नाही असा शब्द शोधतात. आंब्याच्या झाडावरचा टेहळ्या उत्तर कुठली आणि मांडवी कोणत्या अंगाला, हे सांगतो. आणि कोणाला तहान लागली की किल्ल्यातल्या पाण्याचा प्रश्न निघतो. १६१२ च्या आग्वाद किल्ल्याचे नावच पाण्यावरून पडले, जहाजे तिथे गोडे पाणी भरत. वेढ्यात अडकलेली फौज पाण्याविना किती दिवस टिकेल, हा प्रश्न धड्याखालच्या स्वाध्यायात आला तर रटाळ वाटतो. पोफळीच्या विरीची टोपी घातलेल्या मुलाला तो जिवाचा वाटतो.

खेळण्यातल्या बंदुकीला विरोध करणारे पालक आहेत आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मारणे सोपे वाटू लागते, ही भीती खरी आहे. पण याच खेळात जखमी, वैद्य, निरोप्या, तह करणारा अशा भूमिकाही असतात. मोठ्यांनी त्या सुचवल्या तर मुले आवडीने घेतात.

२०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि त्यावर आधारलेला २०२२ चा पायाभूत स्तराचा आराखडा ३ ते ८ वयोगटासाठी खेळातून शिकण्यावर भर देतो. दारात काठी आडवी धरून उभ्या राहिलेल्या पोराला 'आत ये, बस' म्हणण्याआधी बाईंनी त्याचा परवलीचा शब्द विचारायला त्यात आता जागा आहे.