चार्जर म्हणतो ४.२०, पण खरंच आहे का?

आता आमच्याकडं पऱ्हाटीवर, तुरीवर फवारणीला ड्रोन यायला लागले, त्याच्यासोबत जाडजूड लिथियम बॅटऱ्या अन् त्यातला सेल न् सेल सारखा भरणारे बॅलन्स चार्जरबी आले. स्क्रीनवर सहाही सेलसमोर ४.२० व्होल्ट, म्हणजे सेल पूर्ण भरला, असं दिसलं की पोट्टे खूश. पण ते ४.२० सांगतंय कोण, तर चार्जरच, म्हणजे ज्यानं पेपर लिहिला त्यालाच तपासायला दिला.

अन् सहाही सेलची टोटल २५.२ आली म्हणून निवांत राहू नका, पाच सेल ४.१८ वर अन् एक ४.३० वर असला तरी बेरीज २५.२०च येते. तो ४.३० वाला आतून खराब होत जातो, गॅस धरतो अन् एक दिवस पॅक, म्हणजे अख्खी बॅटरी, फुगून येतो. बऱ्याच साध्या चार्जरमध्ये सहावा सेल थेट मोजतच नाहीत, सहा सेलचे २५.२ घेतात, त्यातून पाचांचे २१.० वजा करतात. दोन्ही मोजमापं नुसती ०.१ टक्का उलट दिशेनं चुकली की त्या एकट्या सेलवर ४६ मिलिव्होल्टचा घोळ!

मल्टिमीटर लावून बघू म्हणाल, तर स्वस्तातल्या मीटरच्या कागदावर बहुतेक ±०.५ टक्के अधिक (शेवटच्या आकड्यात) २ अंक असं काही लिहिलेलं असते, म्हणजे २० व्होल्टच्या रेंजवर ४० मिलिव्होल्ट इकडंतिकडं. तीबी गॅरंटी साधारण १८ ते २८ डिग्रीतली, अन् अकोला-चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर. तवा पहाटेच मोजा. मीटरमधली ९ व्होल्टची बॅटरी उतरली असली तरी आकडा वाढवून दाखवते, ते आधी पाहा.

पण सेलासेलातला फरक साध्या मीटरनंबी कळते, कारण मीटर चुकलं तरी सगळ्याच सेलवर सारखंच चुकते. चार्जिंग संपू द्या, थोडं थांबा, मग सेलासेलाच्या तारा येतात त्या पांढऱ्या बॅलन्स कनेक्टरच्या शेजारशेजारच्या पिना मोजत जा. पिनांमधलं अंतर जेमतेम अडीच मिलिमीटर, म्हणून मीटरच्या टोकदार प्रोबला टोकापर्यंत टेप गुंडाळा, नाहीतर ठिणगी उडालीच समजा. ४.१९, ४.१९, ४.२४ असं आलं तर दुसरा पॅक लावून पाहा. त्यातबी तिसराच सेल वर असला तर गडबड चार्जरची, नसला तर पहिल्या पॅकचीच.

खरा आकडाच पाहिजे असला तर ४.०९६ व्होल्टची, ०.१ टक्क्याची रेफरन्स चिप (नेमकं ठरलेलं व्होल्टेज देणारी) मिळते, तिच्यात ४ मिलिव्होल्टच्या वर चूक नसते. आधी तिच्यावर मीटर लावून ते किती खोटं बोलते ते लिहून ठेवा, मग चार्जर तपासा. काही चार्जरात कॅलिब्रेशनचा, म्हणजे मोजमाप दुरुस्त करायचा, मेनू असते, नसला तर सेलचं शेवटचं व्होल्टेज ४.१५ वर आणता येते का ते सेटिंगमध्ये शोधा, उड्डाण थोडं कमी होईल एवढंच.