सत्तरभाते : डोंगरात दडलेल्या गावाची पार्श्वभूमी

आमच्या रविवारच्या फाशांच्या खेळात (प्रत्येकानं एक पात्र घेऊन गोष्ट पुढं न्यायची) स्टेपचं, म्हणजे मध्य आशियातल्या गवताळ माळाचं, राज्य उभं करताना फारसा त्रास झाला नाही. सोलापूरकराला माळ समजावून सांगावा लागत नाही. बार्शी रस्त्यानं नान्नजकडे गेलं की गवत, लांबवर मेंढरं, आणि नजर अडवायला काहीच नाही. घोडी तेवढी कल्पनेतून आणायची. अडलं ते डोंगरापाशी. सत्तरभाते हे गाव डोंगरात, परक्याला बंद. पण बंद का? ‘गूढ आहे’ एवढ्यावर माझं भागत नाही. लपून बसलेल्यांना खायला कोण घालतं, हा प्रश्न उरतोच.

नाव घेतलंय मंगोलांच्या दंतकथेतून. इराणमधल्या मंगोल सत्तेचा वजीर रशीदुद्दीन यानं १४व्या शतकाच्या सुरुवातीला ती लिहून ठेवली. शत्रूच्या कत्तलीतून दोन पुरुष आणि दोन बायका वाचतात आणि एका अवघड पायवाटेनं डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात पोचतात. खोऱ्याचं नाव एर्गेने-कून. पिढ्या वाढतात, जागा पुरेनाशी होते. मग लोखंडाच्या खाणीपाशी लाकूड-कोळशाचे ढीग रचतात, सत्तर जनावरं कापून त्यांच्या कातड्यांचे भाते करतात आणि सगळे एकदम चालवतात. डोंगर वितळतो, वाट होते.

ही नुसती गोष्ट. पण लोहारकीचा धागा इतिहासातही आहे. अल्ताई डोंगरातलं आशिना हे तुर्क घराणं स्टेपवरच्या रौरान सत्तेसाठी लोखंड गाळायचं. त्यांचा म्होरक्या बुमिन यानं रौरान खागानाची (म्हणजे सम्राटाची) मुलगी मागितली, तर ‘तू माझा लोहार-गुलाम’ असं उत्तर आलं, असं चिनी बखरी सांगतात. ५५२ साली बुमिननं रौरानांना हरवलं आणि स्वतःच खागान झाला. लोखंड ज्याच्या हातात, त्याला फार दिवस गुलाम म्हणता येत नाही.

आणि अशी गावं खरोखर होती. उझबेकिस्तानच्या डोंगरात ताशबुलाक २०११ साली सापडलं, तुगुनबुलाक त्यानंतर. दोन्ही दोन हजार मीटरच्या आसपास किंवा त्याहून वर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा (१,६४६ मीटर) उंच. मायकल फ्राकेट्टी आणि फरहोद मकसुदोव यांच्या गटानं ड्रोनला लायडार (लेसरच्या किरणांनी मोजणारं यंत्र) लावून जमीन मोजली. २०२४ साली नकाशे छापून आले. तुगुनबुलाक सुमारे १२० हेक्टर निघालं. तटबंदी, बुरूज, चौक, घरं. एवढ्या उंचीवर पीक जेमतेम. पण चराई होती, खनिज होतं आणि भट्टीला जुनिपरचं लाकूड होतं. माझ्या प्रश्नाचं उत्तर इथं मिळालं: धान्य खालून येतं, लोखंड वरून उतरतं.

(इराणच्या डोंगरातला मारेकऱ्यांचा किल्ला अलमूत मुद्दाम टाळला. १०९० ते १२५६ हा त्यांचा तिथला काळ भन्नाट आहे, पण डोंगरातल्या मारेकऱ्यांचं पीठ व्हिडिओ गेमवाल्यांनी इतकं दळलंय की आता चव राहिली नाही.)

मग लपवायचं काय? लपवायची ती रीत. माझे एक काका सोलापूरच्या पूर्व भागात चादरींच्या मागावर कामाला होते. चादर बाजारात उघडी विकायला. पण नक्षी ठरवणारे जेकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे मालक कपाटात कुलपात ठेवायचा. एक पुठ्ठा इकडचा तिकडे झाला की मोराची मान तुटायची, असं काका सांगायचे. सत्तरभात्यात तेच. तलवार कुणीही विकत घ्यावी. भट्टीत काय, किती आणि कधी टाकतात, ते विचारू नये.

म्हणून गावाला दोन दरवाजे. काफिला खालच्या दरवाजापर्यंत. तिथं तराजू, गोण्या उतरवायचा ओटा, मुक्कामाची धर्मशाळा. वरच्या दरवाजातून फक्त गावचे लोक जातात, आणि तेही तयार माल सोडून काही बाहेर आणत नाहीत. रात्री वरून भात्यांचा आवाज ऐकू येतो. जुन्या मुक्कामकऱ्यांना तो मोजायची खोड असते. पूर्वी सत्तर भरायचे. यंदा एकेचाळीसच भरले, कारण वरचं रान संपत आलंय आणि कोळसा पुरत नाही. हे गावात कुणी कबूल करणार नाही.

रविवारी खेळ खालच्या दरवाजापाशी सुरू होईल. उंटांवर काय लादलंय ते आधी ठरवून या.