काळ्या जमिनीत सोन्याचं मशीन: मागण्या आल्या कुठून

खानदेशात सोन्याची खाण लागावी असा खडकच नाही. तापी, गिरणा, पांझरा वाहतात तो सगळा मुलूख लाव्ह्याच्या थरांवर बसलेला आहे. महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा दाखवणारे जुने खडक आहेत, पण ते नागपूर-भंडाऱ्याकडे. जळगावचं सोनं सराफ बाजारातलं, म्हणजे बाहेरून आलेलं. त्यामुळे इथला माणूस डिटेक्टरमध्ये, म्हणजे जमिनीतला धातू शोधणाऱ्या यंत्रात, काय काय हवं ते सांगू लागतो, तेव्हा त्याच्या मनात नदीच्या वाळूतले कण नसतात, हंडा असतो. आणि बाजारात ‘गोल्ड डिटेक्टर’ म्हणून जे विकलं जातं ते हंड्यासाठी बनलेलंच नसतं.

मशीन येण्याआधी हे काम पायाळू माणसाकडे होतं. पायाकडून जन्मलेल्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं धन दिसतं, अशी समजूत. त्यापायी झालेले प्रकार इतके अघोरी होते की 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाचा उल्लेख करावा लागला. आता पायाळू आणि अंजन घालणारा भगत यांच्या जागी मशीनवाला आला आहे. कधीकधी भगत आणि मशीनवाला एकाच गाडीतून उतरतात, तो भाग वेगळा.

यंत्राचा जुना इतिहास बहुतेकांच्या वाचनात असतो. 1881 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या अंगातली गोळी शोधण्याचा फसलेला प्रयत्न, 1937 चं डिटेक्टरचं पेटंट, 1942 मध्ये एल अलामेनच्या वाळवंटातले सुरुंग. त्यातली एकच गोष्ट पुढे कामाची आहे. सुरुंग शोधणाऱ्याला प्रत्येक धातूवर आवाज हवा असतो, कारण एक जरी सुटला तरी जीव जातो. सोनं शोधणाऱ्याला मात्र नको त्या धातूवर मशीन गप्प बसायला हवं असतं.

ही दुसरी मागणी जोरात आली ती 1970 नंतर. 1971 मध्ये अमेरिकेनं डॉलरची सोन्याशी घातलेली गाठ सोडली आणि जानेवारी 1980 पर्यंत औंसाचा भाव 850 डॉलरवर गेला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात एका हौशी माणसाला डिटेक्टरनं 27 किलोचा सोन्याचा गोळा सापडला, तोही जेमतेम फूटभर खाली. त्यानंतर मशीनं बनली ती तिथल्या मातीसाठी आणि तिथल्या सोन्यासाठी. आपण आज जी यादी तोंडपाठ म्हणतो (जास्त फ्रिक्वेन्सी, ग्राउंड बॅलन्स, डिस्क्रिमिनेशन, वॉटरप्रूफ कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायचं तारेचं वेटोळं) ती तिकडची आहे.

यातलं डिस्क्रिमिनेशन हे वादाचं मूळ. मशीननं आवाजावरून किंवा पडद्यावरच्या आकड्यावरून धातू ओळखून दाखवावा, एवढाच त्याचा अर्थ. कॉइलनं पाठवलेली लहर आणि धातूकडून परतलेली लहर यांत जो फरक पडतो, त्यावरून यंत्र अंदाज बांधतं. लोखंड एका टोकाला, चांदी आणि तांबं दुसऱ्या टोकाला. सोनं मधे कुठेतरी, आणि तेही तुकड्याच्या आकाराप्रमाणे इकडेतिकडे सरकतं. त्याच पट्ट्यात ॲल्युमिनियमही बसतं. गोळ्यांच्या स्ट्रिपचा चुरगळलेला तुकडा आणि सोन्याची लहान अंगठी यांचे आकडे सारखे येऊ शकतात. म्हणजे ‘फक्त सोन्यावर वाजणारं मशीन’ ही मागणी कोणत्याही पैशात पुरी होत नाही. दुकानदार हे सांगत नाही, कारण गिऱ्हाईक तेच विचारत आलेलं असतं.

डिस्क्रिमिनेशनची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. जुन्या गावठाणात किंवा बांधाच्या कडेला कॉइल फिरवून पाहा: वखराच्या पासेचा तुकडा, बैलाच्या पत्रीचे खिळे, केळीच्या बागेतली तार, ट्रॅक्टरचा बोल्ट. लोखंड वगळलं नाही तर दिवसभर भंगारच गोळा होतं. पण आपल्या मातीत लोखंड वगळण्याची किंमत मोठी आहे. काळा पाषाण मॅग्नेटाइट या लोहचुंबकी खनिजानं भरलेला असतो. त्याची झीज होऊन झालेल्या मातीचाच सिग्नल इतका मोठा की खोलवरच्या लहान तुकड्याचा सिग्नल त्यात मिसळून बिघडतो आणि सोनं लोखंड म्हणून वाचलं जातं. मशीन गप्प बसतं, माणूस पुढे जातो. माझं मत विचाराल तर इथे डिस्क्रिमिनेशन बंद ठेवावं आणि सगळा पैसा ग्राउंड बॅलन्सवर घालावा.

ग्राउंड बॅलन्स म्हणजे मशीनला मातीचा आवाज विसरायला लावणं. धातू नसलेल्या जागेवर कॉइल जमिनीजवळ खाली-वर, खाली-वर करायची आणि दोन्ही वेळचा आवाज सारखा होईपर्यंत बटण फिरवायचं किंवा दाबून धरायचं. काळीत जमलं म्हणून मुरमावर जमेलच असं नाही. दहा पावलांवर एखादा गोटा उगाच बोलायला लागतो आणि पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. ज्या मशीनमध्ये हे आपोआप आणि सतत होतं ते महाग असतं, आणि महाग असण्याचं कारण बहुतांशी तेच. 1995 मध्ये ऑस्ट्रेलियन बनावटीचं पल्स पद्धतीचं (सलग लहरीऐवजी थांबून थांबून ठोके पाठवणारं) जे सोन्याचं मशीन आलं, त्याची भिस्त याच गुणावर होती. लोहयुक्त तांबड्या मातीत ते खोल जायचं. धातूची ओळख मात्र जुजबी. निर्मात्यांनी ओळख सोडून खोली निवडली, हा निर्णय तेव्हाही अनेकांना पटला नव्हता.

फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे लहर सेकंदाला किती वेळा हलते त्याचा, गोंधळ वेगळा. 45 किंवा 71 किलोहर्ट्झची मशीनं तांदळाच्या दाण्याएवढं सोनं पकडायला बनलेली आहेत. तांब्याच्या हंड्याला किंवा चांदीच्या नाण्यांच्या ढिगाला कमी फ्रिक्वेन्सी आणि मोठी कॉइल बरी. नेमकं उलटं मशीन घेऊन लोक शेतात उतरतात.

आणि खोली. लहान वस्तूकडून परतणारा सिग्नल अंतराच्या सहाव्या घातानं घटतो. खोली दुप्पट हवी असेल तर 64 पट ताकद लागते. ताकद दुप्पट केली तर खोली जेमतेम 12 टक्के वाढते. नाण्यासाठी साधारण कॉइलच्या व्यासाइतकी खोली धरून चालावी. ‘20 फुटांवरचं सोनं’ सांगणारी, हातात दांडी धरून फिरवायची जी ‘लाँग रेंज’ यंत्रं विकली जातात त्यांत बहुधा काहीच नसतं. अशाच जातीची बनावट यंत्रं बॉम्बशोधक म्हणून इराकला विकणाऱ्या ब्रिटिश व्यापाऱ्याला 2013 मध्ये 10 वर्षांची शिक्षा झाली.

अलीकडे हा विषय पेटला तो 2025 च्या मार्चमध्ये, बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड किल्ल्याखाली. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी तीच, आणि 1681 च्या जानेवारीत मराठ्यांनी लुटलं तेही तेच शहर. त्या लुटीचा प्रसंग सिनेमात आला, त्यात महामार्गाच्या कामाची माती शेतात पडली आणि तिच्यात नाणी निघाल्याची चर्चा पसरली. रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन माणसं शेतं उकरू लागली. पुढच्याच महिन्यात 10 ग्रॅमचा भाव लाखाला भिडला.

उकरणाऱ्यांना दोन कायदे आड येतात. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खोदायला 1958 च्या कायद्यानं बंदी आहे. बाहेर सापडलं तर 1878 चा निखात निधीचा कायदा लागतो: 10 रुपयांहून जास्त किमतीचं दडवलेलं धन निघालं की कलेक्टरला कळवायचं, नाहीतर वर्षभरापर्यंत कैद. कळवलं, धन पुरणाऱ्याचा पत्ता लागला नाही आणि सरकारनं ते स्वतः घेतलं नाही, तर तीन चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा. दोघांत आधी वेगळा करार झाला असेल तर तो चालतो.