बेकडेल चाचणी आणि पुरुषी नजर: एकीत पास, दुसरीत नापास

‘एमान्युएल’ (१९७४) या फ्रेंच चित्रपटात बायका भरपूर आहेत, त्या एकमेकींशी मोकळेपणी बोलतात. तेवढ्यावरून त्याला ‘स्त्रीच्या बाजूचा सिनेमा’ ठरवणारे आजही भेटतात. दोन वेगळ्या कसोट्यांची ही गल्लत आहे.

बेकडेल चाचणी आली अमेरिकन व्यंगचित्रकार अ‍ॅलिसन बेकडेल यांच्या १९८५ च्या एका कॉमिक स्ट्रिपमधून. कल्पनेचं श्रेय त्या लिझ वॉलेस या मैत्रिणीला देतात. किमान दोन बायका हव्यात, त्या आपसांत बोलायला हव्यात आणि तेही पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तरी. दोघींना नावं हवीत, ही अट मागाहून जोडली गेली. तपासायचं असेल तर नाव असलेल्या बायकांची यादी करा, दोघींचा संवाद आला की मिनिट आणि विषय टिपा. इथे ‘बी’ नावाची बाई (अभिनेत्री मारिका ग्रीन) पुरातत्त्वज्ञ आहे आणि नायिका एमान्युएल तिच्यासोबत उत्खननाच्या जागी जाते. एवढ्यावर चित्रपट पास. पण दोन वाक्यांच्या संवादावरही पास करणारी ही चाचणी आहे. ती फक्त हजेरी घेते.

पुरुषी नजरेची मांडणी सिनेमाच्या अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये ‘स्क्रीन’ नियतकालिकातल्या लेखात केली. त्यांच्या मते सिनेमात तीन नजरा असतात: कॅमेऱ्याची, प्रेक्षकाची आणि पात्रांची. पहिल्या दोन तिसरीच्या आड लपतात आणि आपण नकळत पुरुष पात्राच्या डोळ्यांनी बघू लागतो. त्यांची उदाहरणं हॉलिवूडची होती, पण अवजार इथेही चालतं. आवाज बंद करून दहा मिनिटांचा तुकडा बघा. प्रत्येक शॉटला तीन नोंदी करा: कॅमेरा कोणाच्या जागी आहे, चौकटीत चेहरा आहे की नुसतं अंग, ती बघते आहे की तिला बघितलं जातंय. दिग्दर्शक जुस्त जेकिन मूळचे फॅशन फोटोग्राफर. नायिकेच्या भूमिकेतली सिल्विया क्रिस्टेल चालताबोलतानाही पोज दिल्यासारखी का दिसते, ते लगेच कळतं. वेताच्या खुर्चीतलं ते गाजलेलं पोस्टर याच शाळेतलं.

कथानकही तपासा. नवरा मोकळीक ‘देतो’, वयस्क मारिओ (आलां क्युनी) धडे देतो. तो तिला अफूच्या अड्ड्यावर नेतो, तिथे तिच्यावर बलात्कार होतो आणि चित्रपट तोही शिक्षणाचाच भाग मानतो. पुढे मुष्टियुद्धातल्या विजेत्याचं बक्षीसही तीच. तिच्या इच्छेचा अभ्यासक्रम पुरुषांनी आखलेला आहे.

नायिका जवळपास प्रत्येक प्रसंगात आहे म्हणजे दृष्टिकोनही तिचाच, हा नेहमीचा घोटाळा. दुसरा घोटाळा, ‘मूळ कादंबरी बाईची आहे ना?’ एमान्युएल आर्सां हे बँकॉकमध्ये जन्मलेल्या मारायात यांचं टोपणनाव, हे खरं. पण पटकथा जाँ-लुई रिशार यांची आणि कॅमेऱ्यामागे जेकिन. उलट, नग्नता दिसली की पुरुषी नजर, हेही चूक. प्रश्न कपड्यांचा नसून चौकट कोण ठरवतं याचा आहे.

वंशाचा प्रश्न मात्र दोन्ही कसोट्यांतून निसटतो. कथा बँकॉकमध्ये घडते, पण प्रमुख पात्रं सगळी युरोपीय. थाई माणसं नोकर, गर्दी, मुष्टियोद्धे. समीक्षक मनोला डार्गिस यांनी २०१६ मध्ये सुचवलेली, दिग्दर्शक एवा ड्यूव्हर्ने यांच्या नावाची ड्यूव्हर्ने चाचणी इथे कामाची: या माणसांना स्वतःचं आयुष्य आहे, की ती गोऱ्यांच्या कथेमागचा नुसता पडदा आहेत? नाव, संवाद, स्वतःची इच्छा असे रकाने आखून बघा. अफूच्या अड्ड्याचा प्रसंग तर वेगळाच तपासा: थाई पुरुष तिथे निव्वळ धोका म्हणून येतात आणि त्या धोक्यात तिला नेणारा, त्याचा अर्थ सांगणारा माणूस युरोपीयच असतो.