पेट्रोलमध्ये मका आणि फटका सोयाबीनला

इथेनॉल म्हटलं की आपल्याकडे अजून ऊस, मळी आणि कारखान्याच्या डिस्टिलरीचा तो वासच आठवतो, पण आता देशात इथेनॉलसाठी सगळ्यात जास्त वापरला जातो मका. 2014 च्या आसपास पेट्रोलमध्ये जेमतेम दीड टक्का इथेनॉल असायचं, जून 2022 ला ते 10 टक्के झालं आणि 20 टक्क्यांचं 2030 चं टार्गेट अलीकडे ओढून 2025 मध्येच गाठलं. एकट्या उसाला हे झेपणारं नव्हतंच. त्यात 2023 ला पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल म्हणून डिसेंबरमध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी आली (नंतर सैल झाली म्हणा), आणि दर बघा, मक्याच्या इथेनॉलला लिटरला 71.86 रुपये आणि सी हेवी मळीच्याला (म्हणजे साखर पुरती काढून शेवटी उरलेली मळी) 57.97, मग सगळे मक्याकडे वळणारच की.

खरी गंमत पुढे आहे. उसात साखर आयती असते, मक्यात असतो स्टार्च, तो आधी एन्झाइम टाकून साखरेत तोडायचा, मग यीस्ट ती साखर खाऊन अल्कोहोल करतं. प्रोटीनला मात्र यीस्ट हात लावत नाही, ते मागे राहतं. एक टन मक्यातून साधारण 380 लिटर इथेनॉल निघतं आणि 300 किलोच्या आसपास हा प्रोटीनवाला चोथा, तो वाळवून डीडीजीएस नावाने पशुखाद्य म्हणून विकतात. आता हा माल सोयापेंडेपेक्षा (सोयाबीनचं तेल काढल्यावर उरणारं पशुखाद्य) स्वस्त, त्यामुळे पेंडेची मागणी घटली आणि लातूरच्या शेतकऱ्याचं सोयाबीन हमीभावाच्या खाली गेलं त्यामागे हेही एक कारण आहे, खाद्यतेलाची आयात वगैरे इतर कारणं आहेतच. तिकडे 2024 ला मका महागला म्हणून कोंबड्यांना तो खाऊ घालणारे पोल्ट्रीवाले वैतागले होते, आणि एकेकाळी मका निर्यात करणारा भारत त्याच वर्षी म्यानमार, युक्रेनकडून तो आणत होता!

पुढे काय? काडीकचऱ्यापासून इथेनॉल हा खरा उपाय, पानिपतला 2022 पासून भाताच्या पेंढ्याचा प्लांट आहे, पण पेंढ्यातलं सेल्युलोज (काडीला कडक ठेवणारा धागा) तोडणं स्टार्चपेक्षा लई अवघड आणि महाग. बायोडिझेलचं तर विचारूच नका, जट्रोफा या तेलबियांच्या झुडपाचा एवढा गाजावाजा झाला तरी डिझेलमधलं मिश्रण अजून 1 टक्क्याच्या आतच. त्यामुळे माझ्या मते पुढची काही वर्षं तरी भार मका आणि सरकारी गोदामातल्या तांदळावरच राहणार, 2024-25 साठी 52 लाख टन तांदूळ त्यासाठी दिलाच होता.